दावं आपल्याकडे ठेवायचं

भरे गावात कोंडाजीआबांच्या घरी मी भाड्याने राहते, त्याला चार वर्षं होऊन गेली. खाली सहा खोल्या, वर दोन. खालच्या खोल्यांत पिरंगुटच्या कारखान्यांतली मुलं राहतात, पाळ्यांची कामं करणारी. वरच्या एका खोलीत मी. मूळची लातूरची, हिंजवडीच्या एका ऑफिसात नोकरीला, एकटी, चाळिशी ओलांडलेली आणि तापट. तापटपणाचं आधीच सांगून ठेवते, कारण या हकिगतीत मी बऱ्याच जणांवर चिडले आहे. जिच्यावर सगळ्यात आधी चिडायला हवं होतं, तिच्यापर्यंत पोचायला मला आठवडा लागला.

आबा अडुसष्ट वर्षांचे. उंच, वाळके, एका गुडघ्याने अधू. एके काळी या पट्ट्यात बैलांची पारख असलेला माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. कुणी बैल घ्यायला निघालं की आधी आबांना बरोबर घ्यायचं. आबा बैलाचे दात बघायचे, खूर उचलून बघायचे, दहा पावलं चालवून बघायचे आणि मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. स्वतःचा बैल विकतानाही तेच. घेणारा आवडला नाही तर ठरलेला सौदा मोडून बैल घरी घेऊन यायचे. एकदा एका माणसाच्या गोठ्यात खांदा सुजलेला बैल दिसला म्हणून ते अर्ध्या चहावरून उठून आले होते. ही गोष्ट त्यांची बायको चंद्राबाई अजून सांगते आणि अजून चिडते.

मग रस्त्याकडची जमीन गेली, तिथे प्लॉट पडले, उरलेल्या तुकड्यात ट्रॅक्टर फिरू लागला. शेवटची जोडी जाऊन आठ वर्षं झाली. गोठ्याच्या जागी त्यांच्या मुलाने, अमोलने, खोल्या बांधल्या. अमोल वाईट नाही. बापाला जेवायला वेळेवर मिळतं, औषधं वेळेवर मिळतात. फक्त कुणी काही विचारत नाही. खोली कुणाला द्यायची, मोटर कधी लावायची, भिंतीला कोणता रंग, सगळं अमोल ठरवतो. आबा दारात खुर्ची टाकून बसतात आणि आल्यागेल्याला नमस्कार करतात.

गोठा पाडताना आबांनी एकच हट्ट धरला होता, की ऐनाच्या लाकडाचा मधला खांब ठेवायचा. तो आता जिन्याखाली आहे. त्याला लाकडी खुंट्या आहेत आणि खुंट्यांना अकरा दावी टांगलेली आहेत. मी राहायला आले तेव्हा मला वाटलं, जुन्या दोऱ्या पडल्या आहेत. एकदा कपडे वाळत घालायला त्यातली एक मागितली, तर चंद्राबाईने दातांत जीभ चावली.

तेव्हा आबांनी समजावून सांगितलं. ‘‘जनावर इकलं, तरी दावं द्यायचं न्हाई, ताई. घेनाऱ्यानं त्याचं आनायचं, आपलं आपन सोडून ठेवायचं. दावं घरात ऱ्हायलं की गोठा पुन्हा भरतोय.’’

गोठाच राहिला नाही, तर भरणार कुठे, हे मी विचारलं नाही. त्यांनी एकेक दावं हातात घेऊन नावं सांगितली. सर्ज्या, शिंगऱ्या, ढवळ्या, हरणी गाय. मला ते फार आवडलं. मी तेव्हाही फोटो काढला होता. मला फोटो काढायची वाईट खोड आहे.

कुत्रं आलं ते मे महिन्यात. मुठा गावाच्या बाजूला शनिवार-रविवारी भाड्याने देतात तसल्या एका बंगल्याच्या फाटकाला कुणीतरी ते बांधून गेलं होतं. माझी आणि ऑफिसातल्या दोन-तीन मैत्रिणींची एक टोळी आहे. टाकून दिलेली कुत्री उचलायची, बरी करायची, घर शोधून द्यायचं. या कामात माझ्या तापटपणाला भरपूर खाद्य मिळतं. फोन आला, मी स्कूटरवर गेले. तांबूस रंगाचा कॉकर स्पॅनियल, दोन-तीन वर्षांचा, लांब केसाळ कान, कानांत गोचिड्या. दोन दिवस उपाशी होता आणि मला बघून इतका नाचला, की मला गाठच सोडता येईना. ज्यांनी बांधला होता, त्यांच्यापुढेही तो असाच नाचला असणार. मला त्या माणसांचा पत्ता मिळाला असता, तर बरं झालं असतं. मिळाला नाही.

मैत्रिणींच्या घरांत जागा नव्हती. मी आबांना म्हटलं, दोन दिवस ठेवू का. आबा म्हणाले, ‘‘दोन दिवस काय, ठेवा की.’’ दोन दिवसांचे दोन महिने झाले.

स्पॅनियल म्हणजे काय चीज असते ते भऱ्याला माहीत नव्हतं. गावातली कुत्री दुपारी सावलीला पडतात. हा पडतच नसे. पहाटे उठला की पाण्याच्या टाकीभोवती वीस फेऱ्या, मग भाताच्या खाचरात उतरून बगळ्यांच्या मागे, मग चिखलाने भरून थेट चंद्राबाईच्या चुलीपाशी. चपला, केरसुणी, अमोलच्या हेल्मेटचा पट्टा, सगळं चावून झालं. मी त्याला संध्याकाळी तासभर पळवून आणायची आणि घरी येऊन मी आडवी व्हायची. तो चेंडू तोंडात धरून माझ्या डोक्यापाशी उभा. पळताना त्याचे कान दोन्ही बाजूंनी उडायचे. ते बघून आबांनी त्याचं नाव ठेवलं पाखऱ्या. बैलाचं नाव. पूर्वी त्यांचा एक पाखऱ्या होता, त्याचं दावं तिसऱ्या खुंटीवर आहे.

आबांना गुडघ्यामुळे त्याच्यामागे पळता येत नसे. ते खुर्चीत बसून फक्त ‘‘हो, पाखऱ्या, हो’’ असं म्हणायचे, बैलाला म्हणतात तसं, लांबवून. आणि हा वेडा जिथे असेल तिथून धावत येऊन त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवायचा. तेवढाच काय तो दिवसभरात स्थिर. मी पिरंगुटला चाव्या बनवणाऱ्याकडून पितळेची एक चकती कोरून आणली, एका बाजूला पाखऱ्या, दुसऱ्या बाजूला माझा फोन नंबर. लाल पट्ट्याला ती अडकवली. पळताना ती वाजायची, आणि आबा डोळे मिटूनच सांगायचे, आता मागच्या बाजूला हाय, आता टाकीपाशी.

आबांनी त्याला ठेवून का घेतलं नाही, असं पुढे बऱ्याच जणांनी मला विचारलं. कारण घर त्यांचं राहिलेलं नाही, हे त्याचं उत्तर. रात्रपाळी करून आलेली मुलं दिवसा झोपतात आणि पाखऱ्या दिवसभर भुंकतो. दोन मुलं खोली सोडून गेली. अमोलने मला जिन्यात गाठलं आणि सरळ सांगितलं, ‘‘ताई, पंधरा तारखेपातुर बघा. न्हाईतर मी घाटात सोडून येतो.’’ मी चिडून त्याला बोलले. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘आबा दिवसभर कुत्र्याशी बोलत्यात. मलाबी दिसतंय. पन मी काय करू सांगा.’’

त्या संध्याकाळी मी आबांना म्हटलं, ‘‘आबा, घर शोधायचंय पाखऱ्याला. तुम्ही चला माझ्याबरोबर. घर पसंत तुम्ही करायचं.’’

ते काठी टेकत उठले. मग आत जाऊन चंद्राबाईला म्हणाले, ‘‘माझं धुतलेलं धोतर काढ.’’

पुढचे तीन रविवार आबा माझ्या स्कूटरवर मागे बसून घरं बघत फिरले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. पहिलं घर शहराच्या कडेच्या एका सोसायटीत, सातव्या मजल्यावर. मुलीच्या वाढदिवसाला कुत्रं द्यायचं होतं. माणसं चांगली होती, बिस्किटं दिली. आबांनी एकच विचारलं, ‘‘सकाळी घरात पयला कोन उठतं?’’ नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने नवऱ्याकडे. आबा लिफ्टमध्ये मला म्हणाले, ‘‘हितं न्हाई.’’

दुसरं घर मुठ्यातल्या हैबतरावांचं. मोठं आवार, दोन बंगले भाड्याने देतात, राखणीला कुत्रं पाहिजे. मोकळी जागा बघून मी खूश झाले होते. आबा बोलत बोलत मागे गेले. तिथे साखळीला एक काळं कुत्रं होतं. आबांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला. साखळीच्या जागी केस नव्हते, नुसती कातडी. ते परत आले, हैबतरावांना हात जोडले आणि स्कूटरवर जाऊन बसले. चहा यायचा होता. वाटेत मी चिडचिड केली. म्हटलं, आबा, पंधरा तारीख जवळ आली, तुम्ही असे उठून यायला लागलात तर कसं व्हायचं. ते म्हणाले, ‘‘ताई, घाई तुमाला हाय. त्याला जल्म काढायचाय.’’

तिसरं घर मनीष आणि मृण्मयीचं. मुठ्याच्या कडेला लहानसं घर, सगळ्या बाजूंनी तारेचं कुंपण, दोघं घरूनच काम करणारी, सोलापूरकडची. रोज सकाळी दोघं पळायला जातात. पाखऱ्याला आम्ही बरोबर नेलं होतं. आबा व्हरांड्यात दोन तास बसले. काहीच विचारलं नाही. मृण्मयीने पाखऱ्यासाठी पाणी आणलं, तो तोंड घालून आला चिखलात, भांड्यात माती पडली. तिने ते पाणी झाडाला ओतलं, भांडं विसळलं आणि पुन्हा भरून ठेवलं. कुणी बघतंय म्हणून नाही, बोलता बोलता. आबा उठले.

‘‘बाई भांडं इसळती,’’ ते मला बाजूला घेऊन म्हणाले. ‘‘द्या हितं.’’

परतताना ते मागच्या सीटवर काहीतरी पुटपुटत होते. हेल्मेटमुळे मला नीट ऐकू आलं नाही. घरी पोचल्यावर त्यांनी चंद्राबाईला, अमोलला, खालच्या खोलीतल्या मुलांना, सगळ्यांना भांड्याची गोष्ट सांगितली. कितीतरी वर्षांनी त्यांनी काहीतरी ठरवलं होतं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. अमोलसुद्धा म्हणाला, ‘‘आबांची नजर हाय ती.’’

रविवारी, तेरा तारखेला, मनीष आणि मृण्मयी पाखऱ्याला न्यायला आली. आबांनी फोनवर त्यांना सांगून ठेवलं होतं, ‘‘येताना तुमचं दावं घेऊन या.’’ त्यांनी निळा, छातीला बांधायचा पट्टा आणि दोरी आणली होती. चंद्राबाईने पाखऱ्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, ते त्याने चाटायचा प्रयत्न केला. आबा पायरीवर बसले. त्यांनी पाखऱ्याची मान मांडीवर घेतली आणि सावकाश लाल पट्टा सोडला. चकती एकदा वाजली.

मनीष म्हणाला, ‘‘आबा, तो पट्टा असू द्या ना त्याच्या गळ्यात. त्यावर नंबर आहे.’’

आणि मी मध्ये बोलले. हे मी अगदी स्पष्ट लिहिते. मी म्हणाले, ‘‘अहो, त्यांच्याकडे रीत आहे तशी. दावं द्यायचं नसतं. तुम्ही नवीन करून घ्या.’’

‘‘हो हो, नावाचा पट्टा मागवलाय आम्ही,’’ मनीष म्हणाला. ‘‘मंगळवारी येईल.’’

आबांच्या हातात सुटलेला पट्टा आणि वर त्यांच्याकडे बघणारा पाखऱ्या, असा फोटो मी काढला. फार छान आला. संध्याकाळी आमच्या ग्रुपवर टाकला, खाली चार ओळी लिहिल्या, मातीतली माणसं वगैरे. भराभर बदाम आले. कुणीतरी लिहिलं, किती सुंदर परंपरा. मी ते आबांना वाचून दाखवलं. ते लाजले. पट्टा तोवर खुंटीवर गेला होता, बारावा.

सोमवारी सकाळी साडेनऊला मृण्मयीचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं. पाखऱ्याला अंघोळ घातली होती, निळा पट्टा तारेवर वाळत होता. गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला, फाटक उघडं राहिलं, आणि पाखऱ्या गेला. मनीष दोन किलोमीटर मागे पळाला. एका वळणानंतर तो दिसलाच नाही.

मी रजा टाकली. आबा धोतर न बदलताच स्कूटरवर बसले. तीन दिवस आम्ही मुठ्याच्या आसपास फिरलो. नदीकाठ, डोंगराची बाजू, बंद बंगले, हैबतरावांचं आवारसुद्धा. मी सिलिंडरवाल्यावर ओरडले, मनीषवर ओरडले, एका बंगल्याच्या रखवालदारावर विनाकारण ओरडले. आबा कुणावर ओरडले नाहीत. ते दर थोड्या अंतरावर थांबायचे, काठीवर दोन्ही हात ठेवून हाक द्यायचे, ‘‘हो, पाखऱ्या, हो.’’ हाक डोंगरापर्यंत जायची. मग कान देऊन उभे राहायचे. ते चकतीचा आवाज ऐकायला उभे आहेत हे दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. बहुतेक त्यांच्याही तेव्हाच.

‘‘ताई,’’ ते म्हणाले, ‘‘त्याच्या गळ्यात आता काय हाय?’’

‘‘काही नाही, आबा.’’

मी म्हटलं, असता तरी काय झालं असतं, पट्ट्यामुळे कुत्रं थोडंच थांबतं. ते खोटं होतं आणि मला ते बोलतानाच माहीत होतं. संध्याकाळी घरी आल्यावर ते जिन्याखाली गेले आणि खुंटीवरचा लाल पट्टा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

पत्रक छापायचं ठरलं. पाखऱ्याचे माझ्याकडे शंभर फोटो होते आणि सगळ्यांत तो हललेला. एका जागी बसलेला, तोंड स्वच्छ दिसणारा फोटो एकच होता. पायरीवरचा. मी त्याच फोटोतला पाखऱ्या ठेवला आणि आबांचा हात, हातातला पट्टा, सगळं कापून टाकलं. त्यांना बरं वाटावं म्हणून कापलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तो हात बघवत नव्हता.

शुक्रवारी पिरंगुटला छापखान्यातून पत्रकं घेतली. तिथून मुठ्याला जायचं होतं. आबांचं तोंड उतरलं होतं, म्हणून मी म्हटलं, चहा घेऊ. बसथांब्याच्या मागे पिंकी नावाच्या मुलीची चहाची टपरी आहे. पत्रकांचा गठ्ठा मी बाकावर ठेवला. पिंकी चहा द्यायला आली आणि कप हातात धरून उभीच राहिली.

‘‘ह्यो इथं होता की,’’ ती म्हणाली.

मंगळवारी दुपारी तो तिच्याकडे आला होता. पाय सोललेले, पोट खपाटीला गेलेलं. तिने त्याला दूध दिलं, पाव दिला. तो टपरीखाली बसून राहिला, मंगळवारची रात्र, बुधवारचा अर्धा दिवस. मुठ्यापासून पिरंगुट म्हणजे बारा-तेरा किलोमीटर, आणि पिरंगुटपासून आमचं भरे अगदी जवळ. आम्ही त्याला डोंगरात शोधत होतो आणि तो घरी यायला निघाला होता. मंगळवारी संध्याकाळी आणि बुधवारी सकाळी मी त्याच बसथांब्यासमोरून गेले होते, मागे आबांना बसवून, डोक्यात हेल्मेट, नजर समोर, लवकर पोचायचं म्हणून.

‘‘मी त्याचा गळा बघितला,’’ पिंकी सांगत होती. ‘‘एवढे केस, म्हटलं केसात पट्टा असंल, बोटं घालून बघितलं. कुणाचं तरी पाळलेलं दिसतंय, म्हटलं, नंबर असंल तर फोन करावा. काहीच नव्हतं. मग मासळीचा एक टेम्पो थांबतो हितं, कोकणात रिकामा जातो. त्या भाऊंनी विचारलं, कुनाचं हाय. मी म्हटलं, कुनाचंच न्हाई. नेऊ का, म्हणले. मी म्हटलं, न्या, हितं गाडीखाली येईल.’’

टेम्पोचा नंबर तिला माहीत नव्हता. त्या माणसाचं नावही नाही. त्याचं येणं ठरलेलं नसतं, कधी आठवड्याने येतो, कधी महिन्याने. घरी लहान मुलं आहेत, एवढं तो बोलला होता.

आबांनी खिशातून लाल पट्टा काढला आणि तिच्यासमोर धरला. ‘‘ह्यो गळ्यात असता तर?’’

पिंकीने चकती उलटून नंबर बघितला. ती लहान आहे, वीस-बावीस वर्षांची. तिला काय माहीत. ‘‘मग काय, लगेच लावला असता की फोन,’’ ती म्हणाली. ‘‘दहा मिनिटांत आला असता तुमी.’’

मी आबांकडे बघू शकले नाही. बसथांब्यावर बस लागली, माणसं चढली, उतरली. मग आबांनी विचारलं, ‘‘त्या टेम्पोवाल्यानं त्याला पानी दिलं का, नेताना?’’

‘‘दिलं. बाटलीतनं. ओंजळ करून पाजलं.’’

‘‘ओंजळ करून,’’ आबा म्हणाले. मग मला म्हणाले, ‘‘चला.’’

घरी आल्यावर मी मनीष-मृण्मयीला फोन केला. मृण्मयी रडली, मनीष सारखा म्हणत होता, फाटकाला कुलूप लावायला हवं होतं, फाटकाला कुलूप लावायला हवं होतं. त्याला मी सांगू शकले असते, की तू पट्टा मागितला होतास आणि मी दिला नाही. ते सांगायला मला आणखी दोन दिवस लागले.

ग्रुपवरचा तो फोटो मी काढून टाकला. बदाम देणाऱ्यांपैकी एकीनेही विचारलं नाही.

आबा त्या रात्री जेवले नाहीत. त्यांना कुणी दोष दिला नाही. अमोल तर दुसऱ्या दिवशी कामावर न जाता मोटरसायकल घेऊन ताम्हिणीचा घाट उतरून माणगावपर्यंत जाऊन आला, चार ठिकाणी मासळीवाल्यांना विचारलं. घाटात सोडून येतो म्हणणारा तोच. रिकामाच आला. चंद्राबाईने आबांच्या सदऱ्यातून पट्टा काढला आणि खुंटीवर अडकवायला गेली.

‘‘तितं नगं,’’ आबा खुर्चीतून म्हणाले.

‘‘का? सगळ्यांची हितंच हायेत की.’’

‘‘ती दिलेल्या जनावरांची हायेत. ह्ये दिलेलं न्हाई. हरवलंय.’’ त्यांनी हात पुढे केला आणि पट्टा परत मागून घेतला.

रविवारी सकाळी ते जिना चढून माझ्या खोलीत आले. चार वर्षांत पहिल्यांदा. गुडघ्यामुळे ते वर येत नाहीत. दारातच बसले, दम घेतला. हातात पत्रक होतं.

‘‘ताई, ह्यो पायरीवरचाच फोटू ना?’’

‘‘हो.’’

‘‘माझा हात कुटं गेला ह्यातला?’’

मी काहीतरी सांगू लागले, की कुत्र्याचं तोंड मोठं दिसावं म्हणून, जागा कमी होती म्हणून. ते ऐकून घेत होते, अमोल माझं ऐकून घेतो तसं. मग मला रडू आलं. मी म्हटलं, ‘‘आबा, चूक माझी आहे. मनीष मागत होता. मी तुम्हाला थांबवायला हवं होतं. मला नंबर माहीत होता, मीच कोरून आणला होता. मी फोटो काढत बसले.’’

‘‘तुमी पाव्हनं मानूस,’’ ते म्हणाले. ‘‘रीत माझी. तुमाला वाटलं, म्हाताऱ्याला काय बोलायचं.’’ मग म्हणाले, ‘‘आयुष्यभर लोकांचे गोठे बघितले. ह्याचं भांडं बघ, त्याची साखळी बघ. आपल्या हाताकडं बघितलंच न्हाई.’’



त्यांनी पत्रक माझ्यापुढे सरकवलं. ‘‘हात लावा परत. सगळा लावा, पट्ट्यासकट. आन खाली दोन वळी लिवा, मी सांगतो तशा.’’

मी लॅपटॉप उघडला आणि मूळ फोटो घेतला. पायरी आली, धोतराचा काठ आला, शिरा वर आलेला हात आणि त्यातला लाल पट्टा आला. पाखऱ्या वर बघतोय, त्या हाताकडे. आबांनी सांगितलं तसं मी खाली लिहिलं. त्यांना वाचता येतं, पण त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

आता तेच पत्रक पिंकीच्या टपरीवर आहे, ताम्हिणीच्या वाटेवरच्या तीन हॉटेलांत आहे, माणगावच्या मासळी बाजारात अमोलने लावलं आहे. पिरंगुटला कोकणातला टेम्पो दिसला की आबा काठी टेकत जातात आणि ड्रायव्हरच्या हातात एक देतात. फोटोच्या खाली, पत्ता आणि फोन नंबरच्या वर, लिहिलं आहे:

‘याच्या गळ्यात पट्टा नाही. पट्टा आम्ही काढून घेतला होता, तो आमच्याकडे आहे. कुत्रा तुमच्याकडे सुखात असेल तर राहू द्या, फक्त येऊन पट्टा घेऊन जा.’